बरहुकूम

राजिवड्यात, मशिदीच्या मागच्या गल्लीत,
रुकय्याबी फणसोपकरांच्या पडवीवर
मी कागद घेऊन बसलो आहे.
एकोणचाळीस पानं. पानाला साठ रुपये, हा माझा दर.
यांच्याकडून घ्यायचे नाहीत, असं ठरवून आलोय,
आणि त्या दिल्याशिवाय सोडणार नाहीत, हेही ठाऊक आहे.

जिल्हा कोर्टात बत्तीस वर्षं तर्जुमे केले.
गहाणखतं, कुळांचे दावे,
बांधावरच्या कलमाची फांदी कुणाची, यावर अपिलं,
एकदा एका बैलाचं शवविच्छेदन.
हा कागद लांबून आलाय.
शिक्का मोठा आहे, पण कुठल्याच एका देशाचा नाही.

इद्रिस, वय चोवीस, जहाजावरचा फिटर.
जहाज धरायला विमानाने निघाला होता.
सामानाच्या कप्प्यात एक बॅग होती,
तिचा मालक विमानात चढलाच नव्हता.
इथवर मराठी सोपी.

पुढे कलमात व्याख्या येते,
विमान 'उड्डाणात आहे' कधी म्हणायचं:
प्रवासी चढल्यावर बाहेरची सगळी दारं मिटतात
त्या क्षणापासून
उतरण्यासाठी त्यातलं एखादं दार उघडेपर्यंत.
मी वाचतो. स्वल्पविराम शोधत राहतो.

रुकय्याबींचे हात सुपातले मुळे निवडतायत.
"मग दार कुणी उघडलं?"
कुणी नाही. ते समुद्रावरच…
"माहीत आहे मला ते. दार उघडलं का?"
नाही.
"म्हंजे अजून उडतंय."

एवढ्या वर्षांत एकाही वकिलाने
मला असं अडवलं नव्हतं.
कोर्ट म्हणेल, असा अर्थ अभिप्रेत नाही.
अभिप्रेत. हा शब्द मी किती जणांच्या तोंडात
न विचारता घातला असेन.

त्या बोटांवर मोजतात.
चोवीस नि एकवीस, पंचेचाळीस.
"बापासारखं टक्कल पडलं असेल आता."
आणि मुळ्यातली वाळू झटकतात.

पान सतरा. संशयित तिसऱ्याच देशात राहतो.
करार म्हणतो, ज्याच्या ताब्यात तो असेल
त्याने सोपवावा, नाहीतर स्वतः खटला भरावा.
हे त्यांना माझ्याआधी कळतं.
"आमच्यात पण तसंच. कुणी जाळं कापून
खाडीपलीकडे कर्ल्यात जाऊन लपला,
तर कर्ल्याच्या जमातीने एकतर पाठवायचा,
नाहीतर बसवून निवाडा द्यायचा.
ह्यांनी सही केली ना?"
केली. पण सहीखाली बारीक टीप आहे:
वाद उद्भवल्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे जायला
आम्ही बांधील नाही.
"सही करून पण?"
सही करून पण.
"ह्याच्यापेक्षा बर्फाच्या कारखान्याची पावती बरी.
ती दाखवली की बर्फ मिळतो."

भरतीचं पाणी जेटीला लागलंय.
कुणीतरी डिझेलचे कॅन मोजतोय, चुकतोय,
पुन्हा पहिल्यापासून मोजतोय.

पान एकतीस, परिशिष्ट. पाण्यातून मिळालेल्या वस्तू.
एक डावा बूट. एक पट्टा, बकलासह.
एक पत्र्याचा डबा, झाकण सुतळीने बांधलेलं,
आत काळपट, आंबट वासाचा, अनोळखी पदार्थ.
नमुना प्रयोगशाळेत पाठवला. धोकादायक नाही.

सूप खाली ठेवलं जातं.
"आमसुलं ती.
बोटीवरचं जेवण त्याला मानवत नव्हतं.
सुतळी माझीच."

किती तज्ज्ञ, किती भाषा, किती वर्षं,
आणि एकालाही राजिवड्यात एक पत्र टाकून
विचारावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी घरी शेवटचं पान टाइप केलं.
नियम मला पाठ आहे: तर्जुमा करणाऱ्याने
पदरचं काही घालू नये, मूळचं काही गाळू नये.
'अनोळखी पदार्थ' खोडलं.
त्याजागी लिहिलं, आमसुलं.
आणि खाली, नेहमीसारखंच,
मूळ मजकुराबरहुकूम तंतोतंत,
म्हणून सही केली.
कसलीही टीप न जोडता.